सातवी पेटी

विंकोंच्या घरात कुणाचं काहीही दुखलं-खुपलं की पहिला संशय माशीवर जायचा. हाताला गाठ आली, माशी चावली असेल. डोळा सुजला, माशीच. साठ वर्षं मधमाश्या पाळणाऱ्या माणसाच्या घरात दुसरं काय सुचणार म्हणा. त्यामुळे फेब्रुवारीच्या तीन तारखेला, शनिवारी सकाळी, आय्दा वरचा ओठ टम्म सुजवून जिना उतरली तेव्हा तिच्या आजोबांनी कॉफीचा कप खाली ठेवून जे विचारलं ते ठरलेलंच होतं.

"कुठे चावली?"

"कोण?"

"कोण काय! माशी."

"आजोबा, बाहेर उणे नऊ आहे. माश्या पेटीत एकमेकींना बिलगून बसल्यात. काल तुम्हीच नळी लावून त्यांचा आवाज ऐकत होता ना?" आय्दाला हसायचं होतं, पण ओठ हलेना आणि हसू अर्ध्यावरच राहिलं.

पाव कापणाऱ्या रोमानाचा हात थांबला. आय्दा तिची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. काल दुपारीच तिची अक्कलदाढ काढली होती. गाल सुजेल, असं दंतवैद्यानं सांगितलं होतं. पण दाढ खालची, डावीकडची; आणि सुजला होता वरचा ओठ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाली नाही, खाज नाही, नुसता पांढुरका फुगलेला. असा ओठ रोमानानं याआधी एकदाच पाहिला होता.

"दाढेचीच सूज असेल," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच पटला नाही.

विंकोंनी मान वर करून रोमानाकडे, आपल्या लेकीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. "दाढेची सूज वरच्या ओठावर कशाला चढेल?" ते म्हणाले. "लाकडांबरोबर आत येते एखादी. ऊब लागली की जागी होते." आणि त्र्याऐंशीव्या वर्षी म्हातारबाबा गुडघे टेकून सरपणाची टोपली उपसायला लागले. मग आय्दाचं जाकीट झटकून झालं, लोकरीची टोपी उलटी करून झाली, वर जाऊन उशीचा अभ्रासुद्धा काढून पाहिला. शेवटी आय्दाच्या खिडकीच्या फटीत उताणी पडलेली एक माशी त्यांना मिळालीच. चोर पकडून आणावा तशी ती तळहातावर घेऊन ते खाली आले.

"ही बघ. मी म्हणत नव्हतो?"

रोमानानं पाहिलं. माशी वाळून कोळ झाली होती, पंखांचा भुगा झाला होता. ऑक्टोबरातली असणार. शिवाय मधमाशी चावली की तिचा काटा अंगात राहतो आणि पोट फाटून ती मरते. हिचं पोट अखंड होतं. माश्यांच्या घरात जन्मलेल्या बाईला एवढं दिसायला चष्मा लागत नाही. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात विंको हळूच म्हणाले, "गाश्परला झालं, तसंच." रोमानाचं तोंड आपोआप मिटलं.

"हो," ती म्हणाली. "माशीच चावली असेल."

एकोणतीस वर्षांनी दुसऱ्यांदा तिनं माशीवर खापर फोडलं.

गाश्पर तिचा थोरला भाऊ. एकोणीसशे पंचाण्णवच्या जुलैत गेला, विसाव्या वर्षी. लिंडनच्या झाडांचा मध काढायचे दिवस होते. सातव्या पेटीवर काम करताना सरबताच्या ग्लासातून माशी त्याच्या तोंडात गेली, घशात चावली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या वाटेवर श्वास कोंडून तो गेला, असं गावाला ठाऊक होतं. गावाला ते रोमानानं सांगितलं होतं. ती सोळा वर्षांची होती आणि त्याच्याबरोबर तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. अंत्यविधी झाला त्या संध्याकाळी विंकोंनी सातव्या पेटीत गंधकाची जळती पट्टी सोडली आणि पेटीचं तोंड बुजवून टाकलं. एकही माशी उरली नाही. त्यांच्या बागेतल्या लाकडी घरात पेट्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीच्या दर्शनी फळीवर जुनं रंगीत चित्र. सातवीवर शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा होता. ती फळी विंकोंनी काढून कुठे ठेवली कुणास ठाऊक. सातवी जागा तेव्हापासून रिकामी होती.

पुढे आय्दा झाली आणि मामाचं मरण तिच्या वाट्याला आलं ते नियम होऊन. आक्रोडाच्या झाडापलीकडे जायचं नाही, म्हणजे पेट्यांच्या जवळ फिरकायचं नाही. बाराव्या वर्षी हँडबॉल खेळून आल्यावर तिचा हात मनगटापर्यंत सुजला, तेव्हाही माशीच ठरली. रक्ताच्या तपासणीत माशीचं काही निघालं नाही. पण मामा गेलाय ना, मग जपलेलं बरं, असं म्हणून डॉक्टरांनी तिच्या फाइलवर लाल अक्षरांत तसं लिहून टाकलं. तेव्हापासून अ‍ॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचं एक पेन तिच्या दप्तरात आणि एक फ्रीजशेजारच्या खणात असायचं. साठ वर्षं माश्या पाळणाऱ्याची नात माश्या बघायची ती खिडकीच्या काचेतून.

रोमानानं खणातलं पेन काढून आय्दाच्या मांडीत टोचलं. दहा मिनिटं तिघंही त्या ओठाकडे बघत बसले. ओठ उतरला तर नाहीच, डावा गाल आणि हनुवटीखालचा भाग त्याला जाऊन मिळाले.

"गाडी काढते," रोमाना म्हणाली. तिचा नवरा दार्को मालट्रक घेऊन ऑस्ट्रियाला गेला होता. तो सोमवारी येणार होता.

"वाटेत चर्चपाशी थांब," विंको कोटाची बटणं लावत म्हणाले. "आज संत ब्लाझचा दिवस आहे. गळ्याला दोन मेणबत्त्या लावून आशीर्वाद देतात, दहा मिनिटांचं काम. मेणबत्त्या तर आपल्याच मेणाच्या आहेत."

"बाबा, बाजूला व्हा."

"अगं, गळ्याचाच संत आहे तो!"

"बाजूला व्हा म्हटलं ना!" बापाशी ती अशी कधी बोलली नव्हती. विंको दारातून सरकले आणि आय्दाच्या डोक्यावरची टोपी नीट करून तसेच अंगणात उभे राहिले.

दवाखाना पस्तीस मिनिटांवर, खालच्या शहरात. रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं तरी सावलीतल्या वळणांवर गाडी सरकत होती. रोमाना एक डोळा रस्त्यावर आणि एक मुलीवर ठेवून चालवत होती. "श्वास येतोय ना?" असं ती दर मिनिटाला विचारायची आणि आय्दा मान हलवायची. लाकडाच्या वखारीपाशी तिनं पुन्हा विचारलं तेव्हा आय्दानं मान न हलवता फोनवर काहीतरी लिहून आईसमोर धरलं. "थुंकी गिळता येत नाहीये." पुढची दहा मिनिटं तिनं गाडी कशी चालवली, हे तिला नंतर कधीही आठवलं नाही.

त्या दिवशी कामावर डॉक्टर लेबान होत्या. तिशीतली, समुद्राकडची बाई, केस पोरांसारखे कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"फाइलमध्ये माशी लिहिलंय. फेब्रुवारीत माशी?"

"खिडकीत मिळाली," रोमाना म्हणाली.

"चावल्याची खूण कुठे आहे?"

"बहुतेक ओठावर."

"बहुतेक?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही, हात कामाला लागले. पुन्हा अ‍ॅड्रेनालिन, मग सलाईनमधून आणखी दोन औषधं, नाकावर प्राणवायू. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. पावणेदहाला आय्दाची मान आणि हनुवटी एक झाली. दहाला ती "आई" म्हणाली तो आवाज तिचा वाटलाच नाही, घोगरा आणि भरलेला. खोलीत आता भूल देणारे डॉक्टर येऊन उभे राहिले होते, दारात मावणार नाहीत एवढे आडवे. त्यांच्या शेजारच्या ट्रेमध्ये नळ्या होत्या, आणि हिरव्या फडक्याखाली आणखी काहीतरी झाकलेलं होतं. ते काय असेल याचा रोमानाला अंदाज आला आणि तिनं तिकडे बघणं सोडलं.

लेबाननी आय्दाची बाही वर केली. हाताच्या आतल्या बाजूला फिकट लालसर कडी उमटली होती, एकात एक गुंतलेली.

"हे कधीपासून?"

आय्दानं फोनवर लिहिलं, "काल संध्याकाळ."

"खाजतंय?"

नाही, अशी तिनं मान हलवली.

"पोटात दुखतं कधी? दोन दिवस मरणाचं दुखून आपोआप थांबतं, असं?"

आय्दानं बोट केलं ते आईकडे.

"मला दुखतं," रोमाना म्हणाली. "महिन्या दोन महिन्यांनी. चोविसाव्या वर्षी अपेंडिक्स काढलं माझं. काढल्यावर म्हणाले, अपेंडिक्स तर चांगलंच होतं. माझी आईसुद्धा अशीच पोट धरून बसायची."

लेबाननी तिला दंडाला धरून दाराबाहेर आणलं.

"नीट ऐका, बाई. ही सूज माशीची असती तर एवढ्या औषधांनी एव्हाना उतरायला लागली असती. मला वेगळीच शंका येतेय. तसं असेल तर आतापर्यंत दिलेल्या औषधांचा काडीचाही उपयोग नाही. त्याचं औषध निराळं आहे आणि आमच्या फ्रीजमध्ये एका माणसाला पुरेल एवढंच आहे. माझे सहकारी म्हणतात, नळी आत्ताच घाला. पण त्या रोगात घशाला नुसतं डिवचलं तरी सूज भडकते, नळी आत गेली नाही तर गळ्याला छेद द्यावा लागेल. मला पाच मिनिटांत ठरवायचंय, आणि एकच गोष्ट आडवी येतेय. तिचा मामा माशी चावून गेला, असं इथे लिहिलंय. घरात माशीचं खरोखरचं मरण झालेलं असेल तर मी चुकीच्या वाटेनं जातेय. त्याच्याबरोबर तुम्ही होता, असंही लिहिलंय. काय पाहिलंत?"

बोळात कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. रोमानाच्या डोळ्यांसमोर ती जुलैची संध्याकाळ उभी राहिली. एकोणतीस वर्षं ती रोज तिच्यापासून तोंड फिरवत आली होती. सांगितलं की संपलं, असं तिला वाटलं. बाबांना कळणार, गावाला कळणार, दार्कोला कळणार. भावाचा जीव घेणारी, असंच म्हणतील. नाही सांगितलं तर काय, ते दाराच्या काचेतून दिसत होतं. आय्दा पलंगावर ताठ बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मोजून श्वास घेत होती.

"माशी नव्हती," रोमाना म्हणाली.

"काय?"

"माशी नव्हतीच. सरबताचा ग्लाससुद्धा नव्हता. मी ढकललं त्याला. तो माझ्या नावानं आलेलं पत्र वाचून दाखवत होता, मोठ्यानं, नकला करत. मी चिडून ढकललं, तर मध काढायच्या यंत्राच्या काठावर त्याची हनुवटी आपटली. आम्ही हसलो, हो! दोघंही हसलो. सकाळी त्याचं तोंड सुजलं होतं. दुपारी तो गेला. डॉक्टरांनी विचारलं, माशी चावली का, आणि मी हो म्हटलं. ढकललं म्हणून मेला, हे मी कसं सांगू?"

एवढं बोलून ती थांबली आणि समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर किळस कधी उमटते याची वाट बघायला लागली. पण लेबानचं तिकडे लक्षच नव्हतं.

"हनुवटी आपटली किती वाजता?"

"पाच. संध्याकाळचे पाच."

"आणि सूज दिसली सकाळी?"

"सहाला उठला तेव्हा ओठ सुजला होता. हिच्यासारखाच, वरचा."

"आणि हिची दाढ काल काढली," लेबान स्वतःशीच म्हणाल्या आणि वळून चक्क धावत सुटल्या. "फ्रीज उघडा! दोन्ही बाटल्या! नळी थांबवा, पण तुम्ही तिथून हलू नका!"

औषध पांढऱ्या भुकटीचं होतं. ते पाण्यात मिसळलं, फेस होऊ नये म्हणून बाटली हलवायची नाही, नुसती फिरवायची. नर्स ती तळहातांत धरून फिरवत होती आणि रोमानाला तिच्या हातातून ती हिसकावून घ्यावीशी वाटत होती. दहा वाजून वीस मिनिटांनी ते शिरेत गेलं. "अर्धा तास, कदाचित जास्त," लेबान म्हणाल्या. भूलवाले डॉक्टर उशाशी उभे राहिले, हिरवं फडकं दूर सारून.

तो वेळ कसा गेला ते काय सांगावं. रोमानानं मुलीचा हात धरला होता आणि आय्दा दर श्वासाला तिचं बोट दाबत होती. दाबलं की रोमाना मोजायची. एकदा दाबायला जरा उशीर झाला तर ती ओरडलीच, आणि आय्दानं सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. साडेदहा वाजले, पावणेअकरा झाले. भूलवाले डॉक्टर मध्येच वाकून काहीतरी ऐकायचे आणि काही न बोलता सरळ व्हायचे. अकरा वाजता लेबाननी घशापाशी कान नेला आणि म्हणाल्या, "वाढत नाहीये." एवढंच म्हणाल्या. उतरतेय, असं म्हणाल्या नाहीत. रोमानानं देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिलाच ठाऊक. त्यात संत ब्लाझलाही तिनं सोडलं नाही. अकरा वाजून पंधरा मिनिटांनी आय्दानं बोट दाबायच्या ऐवजी ओढलं. रोमानानं वर पाहिलं. आय्दानं तोंड मिटलं, डोळे घट्ट मिटले आणि घोटभर थुंकी गिळली.

"दुखलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण गेली."

भूलवाल्या डॉक्टरांनी हिरवं फडकं पुन्हा ट्रेवर टाकलं आणि कॉफी प्यायला निघून गेले. रोमाना खाली बसली ती सरळ फरशीवर.

दुपारी एकच्या सुमाराला रक्ताचा कागद आला. तो घेऊन लेबान बोळातल्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"शंका बरोबर निघाली. पक्कं करायला पुढची तपासणी राजधानीत करावी लागेल. सोपं करून सांगते. रक्तात प्रथिनांच्या दोन साखळ्या असतात. एक रक्त गोठवते. दुसरी जंतूंवर तुटून पडते, तिला कॉम्प्लिमेंट म्हणतात. कुठे मार लागला, जखम झाली, की दोन्ही जाग्या होतात. एका प्रथिनानं दुसऱ्याला उठवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असं चालतं. त्यातून सूज येते आणि ती हवीच असते, त्याशिवाय जखम भरत नाही. पण कुणीतरी आवरायलाही लागतं ना? दोघींना आवरणारं एकच प्रथिन आहे. ते तुमच्या मुलीच्या रक्तात जेमतेम आहे. मग रक्तवाहिन्या पाझरत राहतात आणि सूज वाढतच जाते. आज शिरेतून दिलं ते तेच प्रथिन होतं, दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं."

"पेटीवर हात पडला की आधी पहारेकरी माश्या उठतात," रोमाना म्हणाली. "एक चावली की वास सुटतो आणि मग सगळ्या येतात. म्हणून आम्ही धूर देतो. धूर दिला की शांत होतात."

"बरोबर. तुमच्या घराण्यात धूर कमी आहे."

"म्हणजे गाश्परला मी..."

"धक्का तुमचाच होता," लेबान म्हणाल्या. खोटं सांत्वन करण्यातली ती बाई नव्हती. "पण असे धक्के जगातल्या सगळ्या भावंडांना बसतात. त्याची दाढ काढली असती तरी हेच झालं असतं. पडला असता, साधी सर्दी झाली असती, तरीसुद्धा."

"आणि मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर?"

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. "त्याच्यासाठी उशीरच झाला होता. पण हनुवटी, तुमच्या आईचं पोट, नंतर तुमचं पोट, मुलीचा हात... कुणीतरी ते कधीतरी जोडून पाहिलं असतं. सगळीकडे माशी लिहिलेली, मग कोण जोडणार?" आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या उठून गेल्या.

दोन वाजता विंको आले. शेजाऱ्याच्या गाडीतून आले होते, चर्चला जायचा कोट अंगात आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लांब मेणबत्त्या, मधोमध लाल फितीनं फुलीसारख्या बांधलेल्या. पाद्रीबाबांकडून त्या मागूनच आणल्या होत्या. आय्दा गाढ झोपली आहे, सूज उतरतेय, हे ऐकल्यावर ते बाकावर बसले आणि मेणबत्त्या मांडीवर घेतल्या.

"बाबा, माशी नव्हती," रोमाना म्हणाली. "आईकडून आलेला रक्ताचा रोग आहे. आणि बाबा, गाश्परलाही माशी चावली नव्हती. मी ढकललं होतं त्याला. यंत्रावर आपटला तो. मी खोटं बोलले."

विंकोंनी फितीची गाठ अंगठ्यानं चाचपली.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"माशी नव्हती ते. त्याला शेवटची आंघोळ मीच घातली ना गं. बॅटरी घेऊन तोंडात बघितलं, जीभ वर करून बघितलं. काटा कुठेच नव्हता. हनुवटीवर मात्र हे एवढं काळंनिळं. आणि माशी चावली तर पाव तासात सुजतं पोरी, ती दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. मी काय काल माश्या पाळायला लागलो?"

"मग सातवी पेटी?"

"लोक विचारायला लागले होते. हनुवटीला काय लागलं, दोघंच होती का, भांडण झालं का. तू कोपऱ्यात बसून होतीस, जेवत नव्हतीस. माश्या पाळणारा स्वतःच्या हातानं पेटी मारतो, म्हटल्यावर पुढे कोण विचारणार? नाही विचारलं कुणी."

रोमानाला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. पण तिला संताप आला, इतका की कानशिलं तापली. एकोणतीस वर्षं दोघं एका टेबलावर जेवत होती, एक मध दोघांच्या पावावर होता, आणि दोघांनीही एकमेकांना जपायच्या नादात तोंड उघडलं नव्हतं.

"आज सकाळची माशी," ती म्हणाली. "वाळलेली होती, बाबा. शरदातली. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं."

"दिसलं? मग का आणलीत खाली?"

विंकोंचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "तिचा ओठ बघून तुझा चेहरा पार उतरला. तेव्हा होता, अगदी तसा. म्हटलं, तुला अजून ती माशी लागतेय. म्हणून शोधली."

"ती मेली असती, बाबा!"

"हो," विंको म्हणाले. "मेली असती."

रोमाना रडली, म्हातारा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला, आणि तो हात तिनं झटकला नाही.

आय्दा चारच्या आधी जागी झाली. ओठ अजून जाड होता, पण चेहरा ओळखू येत होता. लेबान फाइल घेऊन पलंगाशी उभ्या होत्या, लाल अक्षरांवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली नवीन लिहायला लागल्या. पलीकडच्या खुर्चीत नर्स रोमानाच्या दंडाला पट्टा बांधून तिचं रक्त काढत होती.

"मामाच्या मृत्यूचं कारण," लेबान लिहिता लिहिता म्हणाल्या. "हनुवटीला मार, त्यानंतर तेरा तासांनी सूज. डंख नाही. बरोबर?"

"बरोबर," रोमाना म्हणाली. आणि खात्री करून घ्यायला डॉक्टरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं तेव्हा विंकोही म्हणाले, "डंख नाही. मी स्वतः बघितलंय."

आय्दा एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. "म्हणजे मला माशी चालते?"

"चावली तर गाठ येईल, सगळ्यांना येते तशी," लेबान म्हणाल्या. "तोंडाला जाळी मात्र हवीच. आणि हे औषध कायम जवळ ठेवायचं, घरी आणि बागेतही. ते कसं टोचायचं हे दोघींनी शिकल्याशिवाय मी सोडणार नाही."

"आजोबा, ऐकलंत? एकोणीस वर्षं मला आक्रोडापाशी उभं केलंत तुम्ही."

"ऐकलं," विंको म्हणाले. मेणबत्त्या त्यांनी तिच्या उशाशी ठेवल्या. "सातवीची जागा रिकामी आहे. मे महिन्यात पहिला थवा निघाला की तिथे बसवू, तुझ्या हातानं. कोल्ह्याची फळी मी माळ्यावर ठेवलीय."

मग ते खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसले.

"फार गरीब माश्या होत्या गं त्या," ते म्हणाले. "कधी कुणाला चावल्या नाहीत."